दावा क्रमांक सात

लक्ष्मीपुरीत सायकलच्या दुकानावर
आमची टायपिंगची खोली.
मराठी पान तीन रुपये, इंग्रजी चार.
हिंदुराव साळोखे चार रुपयेवाले.

रेडिओ दुरुस्त करणारा माणूस.
खिशात टेस्टर,
अंगठ्यावर डाग देताना पडलेला डाग.
“बाई, चूक एकबी नको.
ह्यो कागुद सरकारला जाणार हाय.”

कागदाची भाषा मराठीत सांगायची तर:
सदर उपकरणाचा सदर भाग
सदर भागास सदर रीतीने जोडलेला असून...
एका पानात एकतीस वेळा सदर.
शेवटी विचारलंच,
साळोखे, हे उपकरण आहे तरी काय?

त्यानं डावा हात पुढं केला.
चार बोटं, एकेकाची तीन पेरं,
आणि अंगठा फिरू लागला
क का कि
की कु कू
के कै को
कौ कं कः.
“बारा. मोजून बघा.
बाराखडी हातातच हुती, बाई.
म्या फकस्त तार जोडली.”

तार चांदीची, हुपरीच्या पैंजणवाल्याकडून
वजनावर आणलेली,
सुती हातमोज्यात आतून शिवलेली.
डाव्या हातावर मात्रा, उजव्यावर व्यंजनं.
उसन्या संगणकावर पहिला शब्द उमटला: म्हस.
म्हैस पाहिजे, मी म्हटलं.
“तुमची म्हैस. आमची म्हस.”

दुसरा अर्ज उद्यमनगरचा.
भट्टीपाशी हाक ऐकू जात नाही,
म्हणून खांद्यावरचा पट्टा, बिनतारी.
एक थाप, थांब. दोन थापा, ओत.
तीन, पळ.
तालमीत वस्ताद कुठं बोलतो, म्हणाला,
थाप मारतो, अंगाला कळतं.

सोळाव्या पानावर माझ्या लक्षात आलं,
हा माणूस माझं मशीन बंद पाडायला निघालाय
आणि मी त्याला कार्बन फुकट देतेय.
तरी देत राहिले.

मग मुंबईहून रजिस्टर पत्र आलं.
बोटांच्या पेरांवर मोजणे पूर्वीपासून ज्ञात आहे.
यात नवीन काय?
पुण्याचा वकील म्हणाला, कळवा, ज्ञात नाही.
साळोखे खुर्चीत पुढं सरकला.
“लिवा. ज्ञात हाय.
माझी आई आक्काताई, गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर
चरवी खाली न ठेवता पेरांवर लिटरं मोजायची.
मोजणं तिचं. तार माझी.”
अहो, अशानं पेटंट जाईल.
“मग आईला द्या म्हणावं.”

पट्ट्याला मिळालं.
पाचव्या वर्षीची फी भरायची राहिली
आणि तेही गेलं, गाजावाजा न होता.
मोज्याला मिळालंच नाही.
पण त्या अर्जात एक सातवा दावा होता,
वकिलानं लाल शाईनं खोडलेला.
माझ्या कार्बनवर तो अजून निळा आहे:
वीज गेल्यावर, तार तुटल्यावर
बोटांवर जे उरते
त्यावर अर्जदाराचा दावा नाही.

दावा नाही, असा दावा.
टाइप करताना हसले होते मी.

आता खाली मोबाईलची कव्हरं मिळतात.
पोरं काचेवर अंगठा घासत जिन्यात उभी असतात,
वाट द्यायची म्हणून सरकतात, मान वर न करता.
माझं मशीन प्लॅस्टिकखाली.
उजवी करंगळी सकाळी वळत नाही.

काल दूधवाला हिशोबाला आला.
अंगठा आपोआप चालू लागला,
तर्जनी, मधलं बोट,
सातव्या पेरावर थांबला.
“काय झालं, काकी?”
काही नाही, म्हटलं.
खाडा किती धरलास तू,
दोन की तीन?